नातेवाईकांनी बाहेर थांबावे

माझा भाऊ वॉर्डमध्ये शिरला की सिस्टर गप्प व्हायच्या.

हे माझ्या मनाचे खेळ नव्हते. मी जन्मभर वर्गावर भूगोल शिकवला आहे. आपण आत पाऊल टाकताच अख्खा वर्ग चिडीचूप झाला म्हणजे फळ्यावर कुणीतरी आपलं चित्र काढून पुसलेलं असतं, एवढं मला कळतं. मी एकटी असले की त्या दोघी सिस्टर हसतखेळत बोलायच्या, बाबांची उशी सारखी करायच्या, माझ्या पायांची चौकशी करायच्या. भावाची पावलं वाजली की एक सलाइनकडे बघायला लागायची आणि दुसरीला बाहेर काहीतरी आठवायचं.

बाबांना आणलं तेव्हा त्यांच्या पावलांवर सूज होती, पोटात अन्न ठरत नव्हतं आणि लघवी जवळजवळ बंद झाली होती. दोन्ही किडन्यांनी काम सोडलंय, हे पहिल्याच दिवशी कळलं. का सोडलंय, ते कुणी सांगेना. बाबांना ना साखर, ना ब्लड प्रेशर, ना कसलं व्यसन. टेलिफोन खात्यात लाइनमन होते, आयुष्य खांबांवर चढण्यात गेलं. अलीकडे तर सकाळी फिरायला निघाले की माझ्यापेक्षा झपझप चालायचे आणि वर मलाच म्हातारी म्हणायचे. असा माणूस एकाएकी आडवा झाला, आणि इथं आणल्यावर रिपोर्ट सुधारायचे सोडून आणखी बिघडले. एकदा यंत्राला लावून रक्त शुद्ध करून झालं होतं. पुढं काय, वाचणार का, हे विचारायची माझी हिंमत होत नव्हती.

भाऊ माझ्याहून धाकटा. हाडांचा डॉक्टर आहे, दुसऱ्या शहरात त्याचं स्वतःचं हॉस्पिटल आहे. मेडिकलला नंबर लागला त्या दिवसापासून घरात त्याला सगळे डॉक्टरच म्हणतात, अगदी बाबासुद्धा. त्याचं खरं नाव फक्त बँकेला माहीत असावं. तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला आणि आल्या आल्या त्यानं तपास सुरू केला. बाबांचा नव्हे, हॉस्पिटलचा.

त्यानं सलाइनची बाटली फिरवून फिरवून वाचली. कचऱ्याच्या डब्यात वाकून रिकाम्या कुप्या पाहिल्या. एकच प्रश्न तो सिस्टरना विचारायचा, मग शिकाऊ डॉक्टरला, मग फरशी पुसणाऱ्या मावशींना, आणि तिघांची उत्तरं जुळतात का ते बघायचा. मावशी बिचाऱ्या घाबरून बादलीच उचलून घेऊन गेल्या. याच्या स्वतःच्या हॉस्पिटलात प्रत्येक दारावर 'नातेवाईकांनी बाहेर थांबावे' अशी लाल अक्षरांत पाटी आहे. घरी आला की रुग्णांच्या नातेवाइकांच्या नकला करून आम्हाला हसवायचा. "एकदा नातेवाइकांत एखादा शहाणा निघाला ना ताई, की डॉक्टरचा दिवस कामातून गेला म्हणून समज," असं म्हणायचा. आता तो शहाणा आमच्याच घरातून निघाला होता.

"यांनी घोळ घातलाय," तो मला जिन्यात नेऊन म्हणाला. "आल्या आल्या जंतुसंसर्ग समजून एक इंजेक्शन दिलं. ते किडनीला जड असतं. डोस चुकला असणार. आता निस्तरतायत."

"तुला कशावरून कळलं?"

"कारण आम्हीही असंच निस्तरतो."

बोलून गेला आणि मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला.  

"हे बघ," तो थोड्या वेळानं म्हणाला, "डॉक्टर 'वय झालंय' म्हणाला तर एक समजायचं. 'प्रत्येकाचं शरीर वेगळं असतं' म्हणाला तर दुसरं समजायचं. आणि डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरच्या डोळ्याला डोळा देत नसेल, तर उरलेलं सगळं समजायचं. त्या मॅडम माझ्याकडे बघतात का? तूच सांग."

मॅडम म्हणजे किडनीच्या डॉक्टर. बुटक्या, पायात कापडी बूट, बोलणं अगदी मोजकं. मी आठवून पाहिलं. खरंच, मॅडम भावाशी बोलताना बाबांच्या पलंगाच्या लोखंडी दांडीकडे बघत होत्या. एवढं त्या दांडीत काय होतं?

मग मला दुसरंही आठवलं. भाऊ यायच्या आधी, त्याच दिवशी दुपारी, मॅडमनी मला बाहेर गाठून विचारलं होतं, "घरी बाबा कुठली औषधं घेतात? झाडपाल्याचं काही? दुखण्यावरच्या गोळ्या?"

"थंडीत घ्यायचे गुडघ्यांसाठी. आता बंद आहेत," मी म्हटलं.

"कुणी बंद केल्या?"

"त्यांनीच."

"असं कोण म्हणालं?"

"तेच म्हणाले."

"बरं," म्हणून त्या आत गेल्या, मला बाहेर थांबायला सांगितलं आणि पलंगाभोवतीचा पडदा ओढून घेतला. आत बराच वेळ कुजबुज चालली होती. एकदा बाबांचा आवाज चढल्यासारखा वाटला. मॅडम बाहेर आल्या त्या वेगळ्याच चेहऱ्यानं. माझ्या खांद्याला हात लावून गेल्या. आजवर कुठल्याही डॉक्टरनं माझ्या खांद्याला हात लावला नव्हता, त्यामुळे मी घाबरलेच. आणि त्या दिवसापासूनच हे गप्प बसणं सुरू झालं.

मी आत जाऊन विचारलं, "काय म्हणत होत्या?"

"काही नाही. शाळा कितवीपर्यंत झाली ते विचारत होत्या," बाबा म्हणाले, आणि घाईघाईनं पाणी मागितलं. बाबांना खोटं कधी नीट जमलेलं नाही. शिवाय पाणी त्यांना मोजून मिळत होतं, हे त्यांनाही माहीत होतं.

माझ्या डोक्यात आलं की यांनी म्हाताऱ्या माणसाला एकट्यात गाठून कसल्यातरी कागदावर सही घेतली. चूक झाली तरी तक्रार करणार नाही, असलं काहीतरी. हे सगळं मी जिन्यात भावाला सांगितलं. आगीत तेल ओतायचं काम माझ्याच हातून झालं, पण तेव्हा मला मी मोठी चतुर वाटत होते.

"बघ!" तो म्हणाला. "उद्या दुपारी ॲम्ब्युलन्स बोलावतो. बाबांना माझ्या ओळखीच्या हॉस्पिटलात नेऊ. इथं एक रात्रसुद्धा जास्त नको."

"एवढ्या लांब? या अवस्थेत?"

 तो माझ्याकडे निरखून बघायला लागला. ती नजर मी ओळखली, कचऱ्याच्या डब्यात वाकताना हीच होती.

"ताई, घरात तर तूच असतेस."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. कुणी काही पुडीबिडी दिली होती का? एखादा काढा? तू तुझ्या चांगल्या मनानं दिलं असशील..."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मी विष घातलं त्यांना, लिहून घे! त्यांची उठबस मी करते, पथ्यपाणी मी बघते, आईचं सगळं दुखणं मी एकटीनं निभावलं. तू येतोस कधीतरी, बूटसुद्धा न काढता दारातून औषधं वाटतोस आणि जातोस. आणि विचारतोस मला!"

जिन्यातून चढणारी दोन माणसं आमच्याकडे बघत भिंतीला चिकटून वर गेली.  भावानं माफी मागितली नाही. म्हणजे संशय होताच.

मी रागात बोलले, तरी ते खोटं नव्हतं. आमच्या घरात आजारी माणसाला तपासत नाहीत. डॉक्टर निघायच्या तयारीत असतो, गाडीची किल्ली बोटात फिरत असते, तेव्हा कुणी त्याच्यापुढे जीभ काढतं, कुणी कोपर पुढे करतं. तो लांबूनच बघतो, "काही नाही, ही घे" म्हणतो आणि औषधकंपन्यांनी फुकट दिलेल्या गोळ्यांची पाकिटं बॅगेतून काढून देतो. उरलेली कपाटावरच्या कापडी पिशवीत जातात. माझा खोकला, शेजारच्या काकूंची मान, बाबांचे गुडघे, सगळे त्या पिशवीच्या जिवावर. पिशवी रिकामी व्हायला आली की पुढच्या खेपेला तो ती भरून जातो. आत काय काय आहे, हे मी कधी पाहिलं नाही. घरात डॉक्टर असताना आपण कशाला बघायचं? आणि परक्या पेशंटला पलंगावर झोपवून डोक्यापासून पायापर्यंत तपासणारा हा माणूस घरच्यांना हात लावायला मात्र संकोचतो. बाबांनाही त्याचं कौतुकच होतं. डॉक्टरचा मुलगा काय, कुणीही होईल, डॉक्टरचा बाप व्हायला नशीब लागतं, असं ते चारचौघांत सांगायचे.

दुसऱ्या दिवशी दुपारी, ॲम्ब्युलन्स यायच्या आधी, आम्ही मॅडमच्या खोलीत गेलो. भावानं बसायच्या आधीच सांगून टाकलं, "आम्ही पेशंट हलवतोय. माझ्या जबाबदारीवर. कागद तयार करा."

"आत्ता नका हलवू," मॅडम म्हणाल्या. "काल रात्रीपासून लघवी थोडी सुटायला लागली आहे. दोन-चार दिवस असेच गेले तर किडन्या सावरतील, अशी मला बऱ्यापैकी आशा आहे. पण प्रेशर अजून खालीवर होतंय. ते वाटेत पडलं तर ॲम्ब्युलन्समध्ये तुमच्या हातात काही नसेल. तुम्हाला हे मी सांगायला नको."

"आशा आहे म्हणता. म्हणजे कारण कळलंय तुम्हाला?"

"कळलंय."

"मग मला का सांगत नाही? दोन दिवस मी विचारतोय. तुम्ही काहीतरी लपवताय."

"हो," मॅडम म्हणाल्या.

मी खुर्चीतून अर्धी उठलेच. भावालाही हे उत्तर अपेक्षित नसावं. भांडायला गेलेल्या माणसाला समोरच्यानं दार सताड उघडून दिलं की तो कसा अडखळतो, तसं त्याचं झालं.

"पेशंटनं मला एक गोष्ट सांगितली," मॅडम म्हणाल्या, "आणि ती तुम्हाला सांगायची नाही, असं माझ्याकडून कबूल करून घेतलं. ते पूर्ण शुद्धीवर आहेत. उपचारांसाठी मला जेवढं कळायला हवं तेवढं कळलं, त्यावर जे करायचं ते मी केलं. बाकी त्यांचा शब्द मी मोडणार नाही."

"ते इंजेक्शन..."

"इंजेक्शन द्यायच्या आधी घेतलेल्या रक्तातच सगळं बिघडलेलं होतं. तो रिपोर्ट तुम्ही पाहिलात. मी स्वतः तुमच्या हातात दिला होता."

 नंतर मला कळलं की तो रिपोर्ट बघून भाऊ मनाशी म्हणाला होता, यांची लॅबच बोगस असणार.

मॅडमनी पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत बघितलं. "तुम्ही त्यांची हिस्टरी घेतलीत? काय होतंय, कधीपासून, सगळं सुरुवातीपासून विचारलंत?"

"ते माझे वडील आहेत."

"म्हणूनच विचारतेय. परके असते तर पहिल्या पाच मिनिटांत विचारलं असतंत. आता विचारा. त्यानंतरही न्यायचं असेल तर मी अडवणार नाही."

बाबा जागे होते. भावानं स्टूल ओढलं आणि पलंगाजवळ बसला. मी पायथ्याशी उभी राहिले. मला अजूनही वाटत होतं की बाबांच्या तोंडून या लोकांचं काहीतरी काळंबेरं बाहेर पडणार.

"बाबा, काय होतंय तुम्हाला?"

"काही नाही. तू जेवलास का?"

"जेवलो. काय होतंय?"

"तू डॉक्टर आहेस. तुला माहीतच असेल की."

"मला माहीत नाही," भाऊ म्हणाला.

हे वाक्य आमच्या घरात त्याच्या तोंडून कधी कुणी ऐकलं नव्हतं. बाबांनी चमकून माझ्याकडे बघितलं.

"पायावर सूज कधीपासून?"

"थंडी सरली तेव्हापासून असेल."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं की. फोनवर. तू म्हणालास, झोपताना पायाखाली उशी घ्या. घेत होतो."

भावानं मान खाली घातली, मग पुन्हा वर केली. "भूक?"

"ती आधीच गेली. मळमळायचं. ताईला वाटायचं तिच्या हाताची चव गेली, म्हणून रेटून जेवायचो."

ते ऐकून मला रडू आलं, आणि त्या रडण्याचाच राग आला.

"दुखण्यावर काही घेता?" भावानं विचारलं. सरळ आवाजात, पेशंटला विचारतात तसं.

बाबा छताकडे बघायला लागले. "पाणी दे जरा."

"देतो. काही घेता का?"

"बंद केल्या."

"कधी?"

"इथं आलो तेव्हा."

 म्हणजे थंडीपासून आतापर्यंत. म्हणजे ते झपझप चालणं.

"रोज घेत होता?"

"सकाळ-संध्याकाळ. चालायला यायचं रे त्यानं. बरं वाटायचं. पिशवीत असायच्याच."

पिशवी शब्द निघाला आणि भावाचा चेहरा उतरला. त्याला सगळं कळलं होतं. मलाही कळलं. गुडघ्यांसाठी गोळ्या देताना हाच माणूस परक्या पेशंटला तीन-तीनदा बजावतो की इतकेच दिवस, जास्त नाही, किडनी जाईल, महिन्यानं रक्त तपासा. मी त्याच्या दवाखान्यात बसून ऐकलंय ते. इथं त्यानं थांबायला हवं होतं, किंवा बाहेर निघून जायला हवं होतं. पण सवयीनं म्हणा की आणखी कशानं, पुढचा प्रश्न तो विचारून बसला.

"कुणी दिल्या होत्या?"

 बाबा छताकडेच बघत म्हणाले, "होता एक डॉक्टर."

"किती दिवस घ्यायच्या, ते सांगितलं नाही त्यानं?"

"सांगितलंही असेल. मला नीट कळलं नसेल. तो घाईत होता." आणि मग त्याच्याकडे वळून, जरा दटावल्यासारखं, "चांगला डॉक्टर आहे तो. त्याला उगाच नावं ठेवू नकोस."

मला बाबांचा भयंकर राग आला. मरायला टेकले होते, तरी या माणसानं मुलाचं नाव घेतलं नव्हतं. त्यासाठी एका परक्या बाईला शपथेत अडकवलं, अख्ख्या वॉर्डला गप्प केलं आणि आम्हाला एकमेकांच्या अंगावर सोडलं. आणि ज्या बाईनं त्यांचा शब्द पाळला तिच्यावर आम्ही दोन दिवस पाळत ठेवली. कुणाकुणाची लाज वाटून घ्यायची, तेच मला समजेना.

भाऊ रडला नाही. त्याच्या ओठांच्या हालचालीवरून वाटलं, काहीतरी म्हणणार. तेवढ्यात दारात ॲम्ब्युलन्सचा माणूस आला. "पेशंट तयार आहे का साहेब?"

"नाही," भाऊ म्हणाला. "तुम्ही जा. त्यांना अजून तपासायचं राहिलंय."

माणूस कुरकुरत गेला. सिस्टरांपैकी एक दाराशी उभी होती. तिनं भावाकडे बघितलं, मग आत येऊन बाबांना दोन घोट पाणी दिलं आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "आज बरे दिसताय आजोबा."

भाऊ उठला. वॉर्डच्या कोपऱ्यातल्या बेसिनवर त्यानं हात धुतले. परत येऊन बाबांच्या पायावरची चादर बाजूला केली आणि घोट्याजवळ अंगठ्यानं दाबून सोडलं. खळगा तसाच राहिला. तो त्याच्याकडे बघत राहिला. मग गुडघे पाहिले, आधी डावा, मग उजवा, हळूहळू वाकवून. बाबांनी दात आवळले. मला आठवेना, त्यानं बाबांच्या अंगाला शेवटचा हात कधी लावला होता.

"दुखतं?"

"दुखतं," बाबा म्हणाले. मग बिचकत, "फार दुखतं रे. सांगायचं राहूनच गेलं."

"अजून काय होतं?"

बाबांनी त्याच्या हातांकडे बघितलं, किल्ली आहे का ते बघावं तसं.

"सांगतो. पण तुला वेळ आहे का?"